दिसण्याचा उंबरठा

काचबिंदूची शंका आली की डॉक्टर ‘फील्ड टेस्ट’ करायला सांगतात. घाटकोपर असो की मुलुंड, ती करून बाहेर आलेला माणूस हमखास म्हणतो, ‘निम्मे ठिपके दिसलेच नाहीत हो!’ त्याचा उतरलेला चेहरा बघवत नाही. खरं तर ठिपके न दिसणं हा या तपासणीचाच भाग आहे.

एक डोळा झाकून हनुवटी टेकवायची, समोरच्या पांढऱ्या अर्धगोलात मधल्या दिव्यावर नजर ठेवायची आणि कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. या तपासणीच्या हम्फ्री नावाच्या यंत्रातला ठिपका सेकंदाचा पाचवा भाग टिकतो. तो दिसला की त्याच जागी पुढचा ठिपका 4 डेसिबलने मंद येतो. दिसेनासा झाला की यंत्र 2-2 डेसिबलने उजेड वाढवत मागे फिरतं. ही मूळ पद्धत. आताची यंत्रं थोड्या ठिपक्यांत अंदाज बांधतात. निम्म्या वेळा दिसतो आणि निम्म्या वेळा निसटतो, तेवढा उजेड म्हणजे त्या जागेचा उंबरठा. नेहमीच्या तपासणीत अशा 54 जागा असतात. इथे डेसिबल जास्त म्हणजे ठिपका मंद. निकोप डोळ्याचा मध्याजवळचा आकडा 30च्या आसपास येतो, म्हणजे यंत्राच्या सर्वांत प्रखर ठिपक्याच्या हजाराव्या भागाइतका उजेडही त्याला पुरतो.

उंबरठा मोजण्याच्या पद्धती जर्मनीच्या गुस्टाफ फेखनर यांनी 1860मध्ये ग्रंथरूपाने मांडल्या. 1942मध्ये अमेरिकेत हेक्ट, श्लेर आणि पिरेन यांनी माणसांना अर्धा तास अंधारात बसवून अगदी क्षीण चमक दाखवली. दृष्टिपटलाने प्रकाशाचे 5 ते 14 कण टिपले तरी ती जाणवते, असा त्यांचा हिशेब निघाला. मात्र इतक्या मंद प्रकाशात दर वेळी सारखेच कण पोचत नाहीत. म्हणून तीच चमक आता दिसते, मग दिसत नाही. चमक किती टक्के वेळा दिसते यावरून उंबरठा ठरवावा लागतो तो यामुळेच.

तपासणीला बसाल तेव्हा अंदाजाने बटण दाबू नका. काही यंत्रं मुद्दाम तुमच्या अंधबिंदूवर, म्हणजे डोळ्याला जिथलं काहीच दिसत नाही त्या जागी, ठिपका टाकतात. तिथे ‘दिसलं’ म्हणालात तर नजर हलली असं धरतात. पापण्यांची उघडझाप खुशाल करा. थकलात तर बटण दाबून धरा, हम्फ्री यंत्र थांबतं.

आईवडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल आणि तुमची चाळिशी उलटली असेल, तर कृपया डोळे तपासून घ्या. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही.