खोडदच्या दुर्बिणीवर पाळी कोणाची?

मावळकरांनो, तळेगावहून चाकणमार्गे नारायणगाव गाठलं की खोडद जवळच. तिथे जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या अँटेना आहेत. एकूण 30, काही आसपासच्या गावांत विखुरलेल्या. तबकडी भरीव नाही, पोलादाच्या बारीक तारांची जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका आणि खर्चही कमी. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही करामत!

पैसा आपला, पण वापरायची मुभा जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना. वर्षातून दोनदा अर्ज मागवतात, तज्ज्ञ तपासतात, समिती गुणवत्तेवर वेळ देते. पासपोर्ट कुठला, हे गौण. मला हे फार आवडतं.

एसकेए या आंतरराष्ट्रीय दुर्बिणीचं गणित निराळं. अँटेना ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत, मुख्यालय इंग्लंडमध्ये. 2019 मध्ये रोमला करार झाला, 2021 मध्ये संस्था उभी राहिली, 2024 मध्ये भारत सदस्य झाला. आपली मंजूर रक्कम 1250 कोटी रुपये. पण सगळी रोकड परदेशी जात नाही, काही हिस्सा कामातून फेडायचा असतो. दुर्बीण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र केंद्राचा मोठा वाटा आहे, तो असाच. निरीक्षणाचा वेळ मात्र सामाईक विहिरीच्या पाळीसारखा: हिस्सा मोठा, तर पाळी मोठी. छोट्या देशांवर हा थोडा अन्यायच, पण त्याशिवाय कोणतं सरकार तिजोरी उघडणार?

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडियाची आणखी तिसरीच तऱ्हा. उपकरणाचे मुख्य भाग अमेरिकेचे. जागा, बांधकाम आणि 2023 मध्ये मंजूर झालेले 2600 कोटी आपले.