सगळ्या पोर्टांचा एक राखणदार
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेतून १९८६ साली ४.३ बीएसडी युनिक्स आलं, त्यात आयनेट-डी नावाचा छोटा डीमन होता. डीमन म्हणजे पडद्याआड सतत चालू राहणारा प्रोग्राम. एरवी टेलनेट, एफटीपी, फिंगर अशा प्रत्येक सेवेचा सर्व्हर वेगळा चालू ठेवावा लागे. दिवसभर कुणी फिरकलं नाही तरी तो मेमरी अडवून बसलेलाच.

आयनेट-डी सगळ्यांच्या वतीने एकटा जागा राहतो: एफटीपीसाठी पोर्ट २१, टेलनेटसाठी २३, फिंगरसाठी ७९. जोडणी आली की तो फोर्क करून स्वतःची प्रत काढतो, आलेली जोडणी त्या प्रतीच्या ०, १ आणि २ या डिस्क्रिप्टरांना, म्हणजे स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एररला, लावतो आणि तिच्या जागी नेमलेला प्रोग्राम सुरू करतो. यातली मधली पायरी मला युनिक्समधल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते. स्टँडर्ड इनपुट वाचणाऱ्या प्रोग्रामला समोर कीबोर्ड आहे की दूरदेशीचं यंत्र, हे कळायची गरजच उरत नाही. सॉकेटचा एक शब्दही न लिहिता साधी शेल स्क्रिप्ट नेटवर्क सेवा होते.

कॉन्फिग फाइलही तशीच सरळ, एका सेवेला एक ओळ. कोणती सेवा, कोणता प्रोटोकॉल, कोणत्या युजरच्या अधिकारात, कोणता प्रोग्राम. सेवा बंद करायची तर ओळीआधी हॅश टाकायचा आणि डीमनला हँगअप सिग्नल द्यायचा.

या ओळीतला प्रोग्रामच बदलता येतो, याचा फार सुंदर उपयोग वित्से वेनेमा यांनी १९९० साली आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात केला. त्यांचा टीसीपी रॅपर मध्ये उभा राहून कोण आलंय ते नोंदवतो, परवानगी तपासतो आणि मगच खऱ्या सर्व्हरला सुरू करतो. टेलनेटच्या कोडला हातही लावावा लागला नाही!

दर जोडणीला नवी प्रोसेस, हा खर्च मात्र वेबच्या गर्दीत परवडेना. अपाचे १.३ आयनेट-डीखाली चालवता येई, २.० मध्ये ती सोय काढून टाकली. लिनक्सवर पुढे एक्सआयनेट-डी रुळला, आणि २०१० नंतर सिस्टमडीने पोर्ट राखण्याचं काम स्वतःकडे घेतलं. पण त्याच्या सॉकेट युनिटमध्ये ‘अ‍ॅक्सेप्ट’ला ‘यस’ लिहिलं आणि सेवेचं स्टँडर्ड इनपुट सॉकेटला जोडलं, की आयनेट-डीसाठी लिहिलेला जुना प्रोग्राम तिथेही बिनतक्रार चालतो. फ्रीबीएसडीत मूळ डीमन आजही मिळतो, फक्त तो आपणहून चालू करावा लागतो. आणि गिटच्या डीमनला आयनेट-डीच्या हाताखाली काम करण्यासाठी वेगळा पर्याय दिलेला आहे.