‘लीव्ह’ म्हणजे रजा की अनुमती? : नित्याच्या इंग्रजी शब्दांची अनेकार्थता

लखनौ येथील गोमती नगरातील बहुतेक वसाहतींची नावे ‘वि’ या अक्षराने सुरू होतात आणि ‘खंड’ या शब्दाने संपतात : विशाल खंड, विवेक खंड, विनय खंड, विभूति खंड. महाराष्ट्रातून नव्याने तेथे गेलेल्या माणसास ही नावे प्रथम काहीशी चमत्कारिक वाटतात. त्याच्या भाषेत आशिया हा खंड आहे, ग्रंथाचा भाग हाही खंड आहे, कुळाने जमिनीपोटी द्यावयाचा तोही खंडच; आणि कामात पडतो तो खंड आणखी निराळा. ‘तुकडा’ या एका अर्थाला फुटलेल्या या फांद्या होत. तथापि मराठी माणूस त्यांच्यामुळे कधी अडखळत नाही. इंग्रजी शब्दाला चार अर्थ आहेत असे कळताच मात्र तो गांगरतो. कारण आपल्या भाषेतील अनेकार्थता अंगवळणी पडलेली असते, परक्या भाषेतील कोशात शोधावी लागते.

याच गोमती नगरात २०१६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे लखनौ खंडपीठ कैसरबागेतील जुन्या वास्तूतून स्थलांतरित झाले. खंडपीठाला इंग्रजीत ‘बेंच’ म्हणतात, आणि शाळेतील मुले बसतात तेही ‘बेंच’च. येथे शब्द एकच आहे. बसण्याचे लांब आसन, त्यावरून न्यायाधीशाचे आसन, आणि त्यावरून त्या आसनावर बसणारे न्यायाधीश, असा हा अर्थाचा प्रवास झाला. आपल्याकडेही ‘गादी’ म्हणजे कापसाची गादी आणि ‘गादी’ म्हणजे राज्यपद, हा प्रवास नेमका त्याच वाटेचा आहे. सराफाच्या बाकावरून ‘बँक’ हा शब्द आला व तो ‘बेंच’चा नातलगच ठरतो. ‘बार’ची कथाही अशीच. आडवा दांडा हा मूळ अर्थ. न्यायालयात वकिलांची जागा वेगळी करणारा अडसर तो ‘बार’, म्हणून वकीलवर्गही ‘बार’. आणि मद्यगृहात विक्रेता ज्या फळीमागे उभा राहतो तिच्यावरून ते मद्यगृहही ‘बार’. बंदुकीच्या मराठी बाराशी यांपैकी कशाचाही संबंध नाही, हे सांगावयास नकोच.

परंतु प्रत्येक ठिकाणी असे एक मूळ शोधू जाणे धोक्याचे आहे. वकिलाची ‘केस’ आणि चष्म्याची ‘केस’ हे दिसावयास एक, पण वंशाने दोन शब्द आहेत : पहिला ‘पडणे, घडणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला, दुसरा ‘पेटी’ या अर्थाच्या. म्हणून चांगल्या इंग्रजी कोशात त्यांच्या नोंदी स्वतंत्र असतात. एका शब्दाचे अनेक अर्थ ही एक गोष्ट, आणि अनेक शब्दांचे एक रूप ही दुसरी. विद्यार्थ्याला हा भेद एकदा उमगला की पाठांतराचे ओझे बरेच उतरते.

ओझ्यावरून ‘चार्ज’ची आठवण होते. गाड्यावर माल लादणे हा त्याचा जुना अर्थ. पुढे माणसावर लादलेले काम, त्याच्यावर ठेवलेला ठपका, त्याच्याकडून घ्यावयाची रक्कम, विजेचा साठा, शत्रूवर घातलेली झडप, हे सारे ‘चार्ज’च झाले. मराठीने या एका शब्दासाठी कार्यभार, दोषारोप, आकार, विद्युतभार आणि हल्ला असे वेगवेगळे शब्द योजले. महाराष्ट्रातील वीजदेयकावर ‘स्थिर आकार’ छापलेला असतो. तेथे ‘आकृती’ असा अर्थ कोणी घेत नाही. आरोप म्हणजेही मुळात ‘वर ठेवणे’च, तेव्हा दोन्ही भाषांची कल्पना एकाच ठिकाणी पोचली, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘सेंटेन्स’ शब्दाने तर मराठी माणसाची लखनौत दुहेरी पंचाईत होते. त्याचा एक अर्थ वाक्य, दुसरा न्यायालयाने दिलेली शिक्षा. पण हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण! तेथील ‘शिक्षा विभाग’ ही पाटी पाहून नवागत मराठी पाहुण्याने क्षणभर थबकावे, यात नवल नाही.

या साऱ्यांत सर्वांत फसवा शब्द ‘लीव्ह’ होय. संविधानाच्या १३६ व्या अनुच्छेदान्वये सर्वोच्च न्यायालयात अपील करण्यासाठी विशेष ‘लीव्ह’ मागावी लागते. ती मिळाली की आदेशात ‘लीव्ह ग्रँटेड’ अशी दोनच शब्दांची नोंद होते. अर्थ इतकाच, की अपील करण्यास अनुमती दिली आहे व आता त्याची सुनावणी होईल. पक्षकार जिंकला असा तिचा अर्थ नव्हे. आणि ‘सुट्टी मंजूर’ असा तर नव्हेच नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून निकालांच्या भाषांतरासाठी ‘सुवास’ ही संगणकप्रणाली उपयोगात आणली आहे. यंत्राने संदर्भ सोडून नित्याचा अर्थ उचलला, तर ज्याची जमीन वा नोकरी त्या दोन शब्दांवर अवलंबून आहे, त्याच्या हाती भलताच कागद पडेल. म्हणूनच यंत्राचे भाषांतर जाणत्या माणसाने तपासल्यावाचून पुढे जाऊ देणे योग्य नव्हे.

गंमत अशी, की ‘लीव्ह’चा मूळ अर्थ संमती हाच आहे. कामावर न येण्याची संमती म्हणून सुट्टीही ‘लीव्ह’ झाली. ‘निघून जाणे’ या अर्थाचे ‘लीव्ह’ हे क्रियापद मात्र वेगळ्याच कुळातले. मराठीतील ‘रजा’ही याच मार्गाने गेली आहे. अरबीतून फारसीच्या द्वारे आलेल्या या शब्दाचा अर्थ संमती, खुशी असा होता. मराठीत ‘रजा घेतो’ म्हणजे निरोप घेतो, आणि ‘चार दिवसांची रजा’ म्हणजे कामापासून सुटका. लखनौच्या बोलीत मात्र ‘रज़ामंदी’ म्हणजे आजही संमतीच. सुट्टीसाठी तेथे ‘छुट्टी’ हा शब्द आहे. तेव्हा गोमती नगरातील मराठी कारकुनाने शेजाऱ्याला ‘उद्या माझी रजा आहे’ असे आपल्या हिंदीत सांगितले, तर कशाला संमती आहे, असा प्रश्न त्या शेजाऱ्यास पडावा.