रांगडा कांदा आणि ५० हजार टन

मार्च २०२४ च्या सुरुवातीला केंद्र सरकारने बांगलादेशाला ५० हजार टन कांदा द्यायचं ठरवलं. निर्यातबंदी उठलेली नव्हती. ७ डिसेंबर २०२३ ला निघालेल्या अधिसूचनेने दुसऱ्या दिवसापासून सगळी दारं बंद झाली होती, त्यातलं एक दार रमजानच्या तोंडावर शेजाऱ्यासाठी किलकिलं झालं. फेब्रुवारीत बांगलादेशाचे परराष्ट्रमंत्री हसन महमूद दिल्लीला येऊन गेले होते. रमजानमध्ये कांदा आणि साखर कमी पडू नये, अशी त्या देशाची विनंती होती. बातमीत मंत्री होते, मैत्री होती, टन होते. कांदा काढणारं माणूस त्यात कुठेच नव्हतं, आणि ते मला खटकलं. म्हणून मी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात, सीना नदीच्या काठच्या एका रानात जाऊन बसले.

उन्हाळी कांदा अजून जमिनीत होता. काढणी चालली होती ती रांगड्याची. हा कांदा पावसाळा सरताना लावतात आणि थंडी संपता संपता काढतात. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने थांबतो, रांगड्याला तो धीर नाही. त्याची मान जाड राहते, पाणी जास्त असतं, महिनाभरात कोंब फुटतात. ज्याच्याकडे रांगडा आहे त्याला भाव बघत बसता येत नाही. उपटला की विकावाच लागतो. मला वाटतं, दिल्ली-ढाक्याच्या वाटाघाटी करणाऱ्यांनी कांद्याबद्दल दुसरं काही नाही तरी एवढं समजून घ्यावं.

आदल्या दिवशी उपटलेला कांदा ओळीने पसरून ठेवला होता, एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर, म्हणजे ऊन लागून साल करपत नाही. आठ-दहा बायका विळे घेऊन काटणीला बसल्या होत्या. काम रोजाचं नव्हतं, उक्तं घेतलेलं होतं, त्यामुळे बोलणं चालू असलं तरी हात थांबत नव्हते. पहिली दहा-पंधरा मिनिटं माझे डोळे नुसते वाहत होते. कापलेल्या पातीचा वास सकाळी हिरवा आणि तिखट असतो. ऊन चढलं की तो जड होतो, घशात बसतो, पदराला धरतो.

माझ्या शेजारी जी मावशी बसली होती, तिच्या हातांवरून माझी नजर हटेना. साठीच्या पुढची असावी. डाव्या हातात पातीला धरून ती कांदा उचलायची, अंगठा त्याच्या मानेवरून खांद्यापर्यंत एकदा फिरवायची आणि विळ्याचा एकच झटका. कांद्यावर दोन बोटं मान राहायची, ना कमी ना जास्त.

“एवढीच का, मावशी?”

“अंगासरशी कापला तर वरून पाणी शिरतंय, आतनं सडतो. लांब ठेवला तर आडत्या नाक मुरडतो.”

चांगला कांदा उजवीकडे, जोडकांदा आणि फुलाचा दांडा आलेले डेंगळे डावीकडे, बारीक गोल्टी मागे, आणि अंगठ्याखाली जो जरासाही दबला तो खादीच्या, म्हणजे खराब मालाच्या, ढिगात. तिचं लक्ष शेजारणीच्या सुनेच्या बाळंतपणात होतं, कांद्याकडे ती बघतही नव्हती. तरी एक दबका कांदा चांगल्यांत गेला नाही. मी मुद्दाम तिच्या ढिगातले दोन-चार कांदे उचलून दाबून बघितले. सगळे टणक. तिने हसून विचारलं, “काय गं ताई, परीक्षा घ्यायलीस का?” अंगठ्याचं टोक काळं पडलेलं, नखाच्या कडेला चीर गेलेली. त्या चिरेत दिवसभर कांद्याचं पाणी झोंबत असणार.

पुढचं काम भराभर झालं: पाट्यांनी कांदा सावलीला नेला, दुसऱ्या दिवशी जाळीच्या गोण्यांत भरला, दाभणाने तोंडं शिवली, गाडी भरली आणि सोलापूर.

रानाचे मालक, त्यांना सगळे दादाच म्हणत होते, बांधावर येऊन बसले. त्यांनी पहिला प्रश्न मलाच विचारला. “ताई, ५० हजार टन म्हणजे किती गाड्या हो?” पंचवीस टनी गाडी धरली तर दोन हजार, असा हिशेब आम्ही मातीत काडीने मांडला. मग मी त्यांना सांगितलं, की २०२२-२३ मध्ये देशातून २५ लाख टनांवर कांदा बाहेर गेला होता, आणि बांगलादेश त्यातला सगळ्यांत मोठा गिऱ्हाईक. त्यांनी तोही हिशेब मातीत मांडला. लाख गाड्या. “लाखातल्या दोन हजार,” ते म्हणाले. पुढे दिवसभर, पाणी पिताना, हमालाशी बोलताना, मध्येच ते तो आकडा उच्चारायचे: ५० हजार टन.

परंड्याचा कांदा सगळा बांगलादेशाला जातो असं कुणी समजू नये. इथला माल सोलापूरच्या बाजार समितीत जातो आणि तिथून बराचसा हैदराबाद, बंगळूरकडे. पण नाशिकचा निर्यातीचा माल अडला की तोही याच बाजारांत उतरतो, आणि मग सीनेकाठच्या कांद्याचा भाव बांगलादेशाच्या सीमेवर, पेट्रापोलच्या फाटकावर ठरतो. हे फाटक इथून जवळजवळ दोन हजार किलोमीटरवर आहे. भाव पडतो म्हणजे काय, हे या भागाला कुणी सांगायला नको. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात आला २ रुपयांचा धनादेश. तेव्हा तर निर्यातबंदीही नव्हती. अशा तळाला गेलेल्या भावातून शेतकरी जेमतेम वर येतो, तोच ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं आणि डिसेंबरात बंदी.

सीमेपलीकडे काय होतं, तेही सांगायला हवं. २९ सप्टेंबर २०१९ ला भारताने अशीच एकाएकी बंदी घातली, तेव्हा नोव्हेंबरात ढाक्याला कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला. विमानाने कांदा आणावा लागला. पुढच्याच वर्षी, १४ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा बंदी. पेट्रापोल, घोजाडांगा, महदीपूर, हिली, सगळ्या सीमानाक्यांवर भरलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. मग विनंत्या झाल्या, निरोप गेले, आणि काही दिवसांनी २५ हजार टनांना खास परवानगी मिळाली. तोवर ताडपत्रीखाली, सप्टेंबरच्या दमट हवेत, गोण्या घामेजून गेल्या होत्या. गोणीतला एक कांदा सडला की त्याचं पाणी खालच्या चारांना लागतं. मावशीच्या खादीच्या ढिगाजवळ बसून मला तो वास येत होता, मूठभर कांद्यांचा. गाडीभर कांद्याचा वास कसा असेल, आणि तो घेऊन रांगेत झोपणारा ड्रायव्हर काय करत असेल, हा विचार डोक्यातून जात नव्हता.

मावशीचा अंगठा एक दबका कांदा गोणीत जाऊ देत नाही, ते याचसाठी. तिची ती सगळी राखण एका रात्रीच्या अधिसूचनेने वाया जाते. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग पडू नये, ही सरकारची काळजी मला मान्य आहे, भाजीवाल्यापुढे पिशवी घेऊन मीही उभी राहते. पण त्या काळजीचा सगळा भार ज्याच्या रानात माल उघडा पडलाय त्याच्यावर, तोही रात्रीतून, हे मला मान्य नाही.

दुपारी भाकरी सोडल्यावर दादांचे वडील काठी टेकत आले. सीमा, नाका, अडकलेला माल हे बोलणं चाललेलं ऐकून ते म्हणाले, “हितंच व्हता की नाका.” त्यांचं बोलणं खरं आहे. १९४८ पर्यंत परंडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि बार्शी मुंबई प्रांतात. संस्थानाची जकात वेगळी, करोडगिरीचे नाके वेगळे. इथल्या माणसाला तालुक्याएवढ्या अंतरावरचा बार्शीचा बाजार गाठायचा तर मध्ये परकी हद्द. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला, पण हद्दीवरचा व्यवहार सुरळीत झाला नाही. रझाकारांचे हल्ले वाढले, हद्दीवर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या उभ्या राहिल्या, भारताने मालाची नाकेबंदी केली असं संस्थान म्हणत राहिलं. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन जायच्या आधी शेवटचा मसुदा तयार झाला, तोही निजामाने नाकारला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला संस्थान शरण आलं. म्हातारबा तेव्हा लहान होते. त्यांना आठवतं ते एवढंच, की वडील बाजाराला निघाले की आई मिठाची आठवण दहादा करून द्यायची, कारण नाका कधी बंद होईल याचा नेम नसायचा. संस्थानाला समुद्र नव्हता, मीठसुद्धा बाहेरूनच यायचं.

“मग पुढं?” मावशीने विचारलं. तिचे हात चालूच होते.

“पुढं काय, नाका गेला. गाड्या सुटल्या.”

इथे नाका गेला, तो दोन्ही बाजूंचं राज्य एक झालं म्हणून. बांगलादेशाबरोबर तसं होणार नाही, व्हायची गरजही नाही. दोन देशांत नाका राहणारच, फक्त तो कधी बंद होणार हे माल भरायच्या आधी कळावं.

त्या ५० हजार टनांचं काम नॅशनल को-ऑपरेटिव्ह एक्स्पोर्ट्स या सहकारी संस्थेकडे होतं, आणि १,६५० टनांची पहिली खेप मार्चअखेर रेल्वेने गेली. रमजान तोवर निम्म्याहून जास्त सरला होता. दादांचा रांगडा त्याआधीच सोलापुरात विकून झाला होता. विक्रीची पट्टी त्यांनी मला दाखवली. खर्च निघाला, कष्ट निघाले नाहीत. बंदी ३१ मार्चला संपायची होती, ती २२ मार्चला पुढे ढकलली, या वेळी तारीख न देता. ४ मे ला ती उठली, टनाला ५५० डॉलरची किमान किंमत आणि ४० टक्के शुल्क लावून. इथल्या धाराशिव मतदारसंघात लोकसभेचं मतदान ७ मे ला होतं. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला शुल्कही गेलं.

मध्ये, ऑगस्ट २०२४ मध्ये, ढाक्यात सरकार उलथलं आणि पेट्रापोल पुन्हा बंद पडलं होतं, तेव्हा दोष कुणाला देणार? पण शुल्क शून्यावर आलं तोवर बांगलादेशानेच आपल्या शेतकऱ्यांचा हंगाम सांभाळायला आयातीचे परवाने आवळले होते, याचं मूळ मात्र आपल्याकडे आहे. पाबना-फरीदपूरचे कांदा उत्पादकही माणसंच आहेत, त्यांच्यासाठी त्यांचं सरकार उभं राहिलं यात मला गैर दिसत नाही. दोनदा ऐन वेळी दार लावणाऱ्या शेजाऱ्यावर विसंबायचं नाही, हे त्यांनी त्यानंतर ठरवलं. आपण गिऱ्हाईक गमावलं ते असं.

दादांचं मागणं फार नाही. बंदी घालायची तर आधी पंधरा दिवस सांगा, निघालेल्या गाड्या जाऊ द्या, आणि शेजाऱ्याला किती देणार तो आकडा रोप टाकायच्या आधी, ऑगस्टात, जाहीर करा. “५० हजार तर ५० हजार,” ते म्हणाले, “पण मला रोप लावताना कळू द्या, काढताना नको.” पुढच्या हंगामात त्यांनी रांगडा निम्म्यावर आणला आणि उरलेल्या रानात ऊस केला. उसाला काटणीच्या बायका लागत नाहीत. मावशीची टोळी आता कामासाठी करमाळ्याच्या बाजूला जाते, पहाटे चारला निघून.