जाड फाइल, पातळ पुरावा

घर आवरायचा आपला मुहूर्त दिवाळीचा. वसई-विरारमध्ये तो फार उशिरा येतो. इथे कपाट उपसावं ते पावसाळ्याआधीच्या आगोटीला, सुकी मासळी आणि मसाले डब्यांत भरतानाच. जुलै २०१८मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल बंद पडल्या, ते इथे कुणी विसरलेलं नाही. तळमजल्यावर पाणी शिरलं की आधी भिजतो तो कपाटाचा खालचा खण, आणि घराची फाइल बहुधा तिथेच असते.

‘गोदरेजच्या कपाटात आहे, काळजी नाही’ हे म्हणूनच खरं नाही. पत्र्याचं कपाट उंदरांना अडवतं, पाण्याला नाही. फाइल वरच्या खणात, झिपच्या जाड पिशवीत ठेवावी. यावर काही जण सगळंच लॅमिनेट करून आणतात, तो उपाय रोगापेक्षा वाईट. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराच्या नोंदींसाठी रकाने असतात. उद्या घर मुलीच्या नावावर करायचं म्हटलं, तर सेक्रेटरी त्या प्लास्टिकवर सही-शिक्का कुठे करणार?

पण सगळ्यात महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे: फाइल जाड, म्हणजे घर पक्कं.

नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्पासाठी आरक्षण असलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या गेल्या. २०२४च्या अखेरीस सुरू झालेलं हे पाडकाम पुढच्या वर्षात गेलं. त्या घरांत कागद नव्हते असं नाही. कागद होते, फक्त ते ज्या गोष्टीचा पुरावा समजले जात होते तिचे नव्हते. वीजबिल सांगतं की वीज कुणाच्या नावाने येते. घरपट्टीची पावती सांगते की कर भरला. मालकी किंवा बांधकामाची परवानगी यांतलं काहीच हे कागद सांगत नाहीत. उलट महापालिका अधिनियमाचं कलम २६७ अ असं आहे की अनधिकृत बांधकामावर कराखेरीज दंड, म्हणजे ‘शास्ती’, लावता येते आणि ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही. घरपट्टीच्या बिलात हा शब्द छापलेला असेल, तर तुम्ही वर्षानुवर्षं जपून ठेवलेला कागद तुमच्याच विरुद्ध साक्ष देतोय.

म्हणून आवरताना फाइलची जाडी पाहू नये. त्यात नोंदणी झालेला करारनामा आणि त्याची सूची क्रमांक दोन आहे का, बिल्डरपासून तुमच्यापर्यंतच्या आधीच्या सगळ्या खरेदीदारांचे करार सलग आहेत का, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्राची प्रत आहे का, एवढं पाहावं. नुसतं नोटरी केलेलं कुलमुखत्यारपत्र हातात असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्येच सांगितलं आहे की त्यावर मालकी मिळत नाही. आणि परवानगीचा कागद असला तरी तो महापालिकेकडून पडताळून घ्यावा. बनावट शिक्क्यांची परवानगीपत्रं बनवणारी टोळी विरार पोलिसांनी २०२३मध्ये पकडली होती, आणि प्रकरण एका-दोन इमारतींचं नव्हतं.

याची दुसरी बाजूही आहे. ‘करारनामा हरवला, आता घर गेलं!’ असं म्हणून हातपाय गाळणारी माणसं भेटतात. दस्त नोंदलेला असेल तर त्याची नोंद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात असते आणि तिथून प्रमाणित नक्कल मिळते. त्यासाठी कार्यालय, दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत हवं. ही एक ओळ फाइलच्या बाहेर, फोनमध्ये आणि एखाद्या नातेवाइकाकडे लिहून ठेवणं हे पन्नास झेरॉक्सपेक्षा कामाचं.

काहींच्या फाइलमध्ये मूळ करारनामा नसतो, कारण तो बँकेत असतो. कर्ज फिटलं तरी तो आणायचा राहून जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ डिसेंबर २०२३पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने मूळ कागद परत द्यायचे आहेत. तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. तेव्हा शेवटच्या हप्त्याच्या आनंदात बँकेची ती फेरी विसरू नये.

जुन्या कागदावर ‘जिल्हा ठाणे’ दिसलं की काहींना तो बाद वाटतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, वसई-विरार महापालिका ३ जुलै २००९ला. त्याआधीच्या दस्तावर ठाणे आणि नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत असणारच. उलट २००५च्या करारावर पालघर जिल्हा छापलेला दिसला, तर मात्र वकिलाकडे जावं.

‘फोनमध्ये फोटो काढून ठेवलेत’ यालाही फार अर्थ नाही. डिजिलॉकरमध्ये ज्या खात्याने दस्तऐवज दिला त्या खात्याकडूनच तो आला असेल, तरच तो मूळ कागदाइतका ग्राह्य धरला जातो. आपण स्वतः चढवलेला फोटो तिथेही फोटोच राहतो. पण पाण्यात फाइल गेली तर कुठला क्रमांक शोधायचा ते त्या फोटोवरून कळतं, म्हणून काढावेत जरूर.

नॉमिनीबद्दल थोडक्यात. नॉमिनी म्हणजे वारस, ही समजूत शिकल्या-सवरल्या घरांतही आहे. ‘कालनिर्णय’कार जयंतराव साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून कुटुंबात वाद झाला, तेव्हा डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शेअर-फंडांचा नॉमिनी हा मालक होत नाही, वारसाहक्क कायद्याने किंवा मृत्युपत्राने ठरतो. भिंतीवर कालनिर्णय आहेच, फाइलमध्ये मृत्युपत्र आहे का?

आता टाकायचं काय? माझ्या मते, एखादा कागद वीस वर्षं जुना आहे हे टाकायला कारण नाही आणि ठेवायलाही नाही. मुद्रांक शुल्क नि नोंदणी फीच्या पावत्या घर विकेपर्यंत आणि त्यानंतरचा आयकर मिटेपर्यंत हव्यात, कारण त्या खरेदीच्या किमतीत धरल्या जातात. वीजबिलं मात्र बिनधास्त कमी करा. विद्युत कायद्याच्या कलम ५६(२)प्रमाणे, बिलांत सलग दाखवली न गेलेल्या थकबाकीसाठी दोन वर्षांनंतर वीज तोडता येत नाही. तेव्हा दोन-तीन वर्षांपलीकडचा गठ्ठा रद्दीत जाऊ द्या.

माळ्यावरचे टीव्ही-मिक्सरचे खोके ‘वॉरंटीला लागतील’ म्हणून बसलेत. वॉरंटीला बिल आणि यंत्रावरचा क्रमांक लागतो. जुने कपडे घ्यायला बोहारीण येतेच. तिला देण्याआधी खिसे तेवढे चाचपा.

राहिले आधार-पॅनचे झेरॉक्स. रद्दीवाल्याकडे वजनात घालायची ही गोष्ट नाही. आधी फाडा, मग रात्रभर बादलीत भिजवा, सकाळी लगदा ओल्या कचऱ्यात. आणि पुढच्या वेळी झेरॉक्स मागितला, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार चालतं का, हे आधी विचारा.