धक्का कुणाचा, जागा कुणाची?

चेंडू घेऊन एक खेळाडू बास्केटच्या दिशेने मुसंडी मारतो. समोर बचावपटू उभा असतो. धडक होते, दोघेही कोसळतात आणि शिट्टी वाजते. निम्मे प्रेक्षक आक्रमकाला दोष देतात, निम्मे बचावपटूला. पंचाला मात्र क्षणार्धात निर्णय द्यायचा असतो. तो कशाच्या आधारे देतो?

२८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद मैदानावर दहा जण धावत असतात, तेव्हा अंगाला अंग लागणारच. त्यामुळे नुसता स्पर्श म्हणजे फाउल नव्हे. पंच पाहतो ते हे, की ती जागा कुणाची होती. नियमांनुसार प्रत्येक खेळाडूभोवती एक काल्पनिक नळकांडे असते. समोर तळहातांपर्यंत, मागे नितंबांपर्यंत आणि बाजूंना हातापायांच्या कडांपर्यंत. वरची हवाही त्याचीच. बचावपटूने जागच्या जागी हात वर करून सरळ उडी मारली आणि समोरचा त्याच्यावर आदळला, तर फाउल बचावपटूचा नसतो. हात पुढे झुकवून मारला, तर मात्र असतो.

बचावपटूने पुतळ्यासारखे उभे राहिले पाहिजे, हा एक सार्वत्रिक गैरसमज. त्याने आधी प्रतिस्पर्ध्याकडे तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे. त्यानंतर तो बाजूला किंवा मागे सरकू शकतो. अशा वेळी धडक त्याच्या छातीवर झाली, तर दोष सहसा आक्रमकाचा. पण आक्रमक हवेत झेपावल्यानंतर बचावपटू वाटेत घुसला, तर दोष बचावपटूचा. हवेतल्या माणसाला दिशा बदलता येत नाही, इतके साधे कारण त्यामागे आहे.

खरी अडचण डोळ्यांची आहे. आपली सर्वांत स्पष्ट नजर, हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या दिसणाऱ्या भागापुरतीच असते. नजर एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर उडी मारते, तेव्हा त्या क्षणापुरते मेंदू दृश्य जवळजवळ बंद करतो. चेंडूमागे नजर फिरवणाऱ्या पंचाला धडक दिसते, पण पाय आधी कुणाचे टेकले हे निसटते. म्हणूनच पंचांना चेंडूऐवजी बचावपटूवर नजर ठेवायला शिकवतात. मोठ्या सामन्यांत तीन पंच मैदान वाटून घेतात, तेही याचसाठी.

नजर नीट असली, तरी मन नकळत हिशेब जुळवू पाहते. अमेरिकेतील महाविद्यालयीन सामन्यांच्या एका अभ्यासात, एका संघाचे फाउल जास्त झाले की पुढचा फाउल दुसऱ्या संघाला लागण्याची शक्यता वाढते, असे आढळले. पाहुण्या संघांच्या वाट्याला फाउलही अधिक आले होते.

या निर्णयांवर खेळाडूंचे घोटेही अवलंबून असतात. घोटा मुरगळणे ही बास्केटबॉलमधली नेहमीची दुखापत. उडीनंतर पाय दुसऱ्याच्या पायावर पडला, की तो आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. मे २०१७ मध्ये एनबीएच्या उपांत्य फेरीत कवाय लेनर्डचा पाय झाझा पाचुलियाच्या पायावर पडला आणि लेनर्डला उरलेली मालिका खेळता आली नाही. पुढच्या हंगामापासून, चेंडू फेकणाऱ्याच्या उतरण्याच्या जागेत बेफिकिरीने पाय घालणाऱ्याला अधिक कडक शिक्षा देण्याची मुभा पंचांना मिळाली.

शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर बहुधा दोनच पंच असतात आणि पुन्हा पाहायला चित्रफीत नसते. तिथे मुलांना बचाव शिकवताना उडी मारलेल्याला उतरायला जागा सोडण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावली, तर शिट्ट्या कमी वाजतील आणि सुजलेले घोटेही कमी दिसतील.