नाव मोठं, पत्रा कसा?

लेखमाला : दारातली गाडी, लेखांक १२

गेल्या आठवड्यात आपण पाच-सात वर्षं वापरलेल्या छोट्या गाड्यांविषयी बोललो. त्यावर पेण आणि रोह्याहून जे प्रश्न आले, त्यांतले बरेचसे छोट्या गाड्यांविषयी नव्हतेच. ते असे : मुंबईत वीस वर्षांची मर्सिडीज ई-क्लास तीन-चार लाखांत मिळतेय, तेवढ्यात वापरलेली वॅगन आर येते, मग मर्सिडीजच का घेऊ नये? आणि पुढे हमखास एक वाक्य, की ही गाडी मरत नाही म्हणतात.

म्हणणारे खोटं बोलत नाहीत. फक्त ते ज्या गाडीविषयी बोलतात ती ही गाडी नव्हे.

हे नाव कमावलं कुणी ते आधी पाहू. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिदिस या टॅक्सीवाल्याची १९७६ सालची २४० डी मर्सिडीज ४६ लाख किलोमीटर चालली. २००४ मध्ये कंपनीनं ती मागून घेऊन आपल्या संग्रहालयात ठेवली. मध्ये इंजिनं उतरवली, चढवली, दुरुस्त केली. पण सांगाडा तोच. लोक ४६ लाखांचा आकडा लक्षात ठेवतात, इंजिनं उतरवल्याचं विसरतात. त्यानंतरची मोठी कमाई '१२४' या सांकेतिक क्रमांकाच्या गाडीची. १९८४ च्या अखेरीस ती आली. ब्रूनो साक्को यांच्या हाताखाली घडलेली सरळ, चौकोनी रेषांची गाडी. पुढच्या काचेला एकच वायपर, आणि तोही फिरता फिरता वरच्या कोपऱ्यांकडे लांब होणारा. सगळे प्रकार धरून अशा पंचवीस लाखांहून जास्त गाड्या बनल्या. जर्मनीतले टॅक्सीवाले तिच्यावर जीव टाकत, आणि टॅक्सीवाल्याइतका निष्ठुर परीक्षक दुसरा नाही.

आपल्याकडे मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ मध्ये स्थापन झाली आणि १९९५ मध्ये पुण्यात, टेल्कोच्या (म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या) आवारात, हीच १२४ बनू लागली : ई २२० पेट्रोल आणि ई २५० डिझेल. गंमत अशी, की त्याच वर्षी जर्मनीत तिची जागा पुढच्या मॉडेलनं घेतली. तिकडे उतरलेलं मॉडेल इकडे चढवलं, अशी कुरकुर तेव्हा झाली. मला विचाराल तर ते ग्राहकांच्या पथ्यावरच पडलं. दहा वर्षांत एखाद्या गाडीचे जेवढे दोष सापडायचे तेवढे सापडलेले असतात आणि कारखान्यानं बरेचसे काढलेले असतात. पाच सिलिंडरचं ते अडीच लिटरचं डिझेल इंजिन तर आजही जुना मिस्त्री कानानं ओळखतो. दोष नव्हताच असं नाही. त्या मालिकेच्या शेवटच्या काही वर्षांतल्या पेट्रोल गाड्यांत इंजिनच्या वायरिंगवर असं आवरण वापरलं होतं, जे पर्यावरणाच्या काळजीपोटी कालांतरानं विघटित व्हावं म्हणून निवडलेलं होतं. ते इंजिनच्या उष्णतेनं गाडीतच विघटित होऊ लागलं. आवरणाचा भुगा झाला, उघड्या तारा एकमेकींना टेकल्या आणि गाडी नाचायला लागली.

आता मुद्द्याचं. गाडी टिकाऊ आहे हे कळायला ती म्हातारी व्हावी लागते. दहा-बारा वर्षांनी तिचं नाव होतं, तोवर शोरूममध्ये दुसरीच गाडी उभी असते. म्हणजे कोणत्याही नव्या गाडीवर जो विश्वास टाकला जातो, तो तिच्या आधीच्या गाडीनं कमावलेला असतो. जुन्या बाजारात हा घोळ आणखी वाढतो, कारण तिथे बोनेटवरचा तारा सगळ्या पिढ्यांना सारखाच असतो. त्यात आणखी एक फसवणूक आहे, ती कुणी मुद्दाम करत नाही. आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक १२४ ही जपलेली गाडी आहे. जिची हेळसांड झाली ती केव्हाच कुर्ल्याच्या भंगारात गेली. उरलेल्या पाहून आपण म्हणतो, बघा, जुन्या गाड्या किती टिकतात!

१२४ नंतर आली २१०, दोन-दोन गोल दिव्यांच्या डोळ्यांची. तीही पुण्यात बनली. इंजिनं चांगली, बसायला ऐसपैस. आणि या गाडीनं कंपनीची अब्रू गंजापायी घालवली. दारांच्या कडा, डिकीचं झाकण, चाकांच्या कमानी हे तर डोळ्यांना दिसतं. न दिसणारी जागा म्हणजे पुढच्या स्प्रिंगचा आधार. तो पत्र्याचा तुकडा गाडीच्या अंगाला वेल्ड केलेला असतो आणि वरून सीलंटचा लेप असतो. लेपाखाली पाणी शिरलं की आतून सडतो, वरून मात्र ठीकठाक दिसतो. एके दिवशी खड्ड्यात चाक आपटतं, आधार सुटतो आणि गाडीचा एक कोपरा खाली बसतो. वडखळ-नागोठणे पट्ट्यातून नियमित जाणाऱ्याला खड्डा म्हणजे काय ते मी सांगायला नको. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय. तेवढ्या काळात कंपनीनं ई-क्लासची दोन नवी मॉडेलं आणली.

गंजाचा विषय आपल्या भागात जरा खोलात जाऊन समजून घ्यायला हवा. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू पुरेसे असतात. मिठाचं काम वेगळं. खारट पाण्यातून विद्युतभार सहज वाहतो, त्यामुळे पत्र्यावरची ती रासायनिक क्रिया भराभर चालते. उष्णता वाढली की आणखी जोरात. युरोपात हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, त्यानं गाड्या खालून सडतात. पण तिथे थंडी असते आणि मीठही काही महिन्यांपुरतं. पेणला धरमतरची खाडी आणि मिठागरं, रोह्याच्या खाली कुंडलिकेची खाडी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो थांबला तरी हवा ओलीच. त्यात आपली सवय अशी, की महागाची गाडी म्हणून तिच्यावर कव्हर घालून ठेवायची. पावसाळ्यात कव्हराखाली ओल कोंडते, पत्रा दिवसभर घामेजलेला राहतो. कव्हर काढा आणि वारा लागू द्या. छप्पर असेल तर उत्तम, नसेल तर उघडी गाडी झाकलेलीपेक्षा बरी.

पाणी आत शिरण्याची आणखी एक वाट असते. बोनेट आणि काचेच्या मधल्या खोबणीत पाणी जायला भोकं असतात, सनरूफला बारीक नळ्या असतात. गाडी आंब्या-फणसाखाली उभी असेल तर ती भोकं पाल्यानं बुजतात, आणि खोबणीत तुंबलेलं पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरतं. जुन्या गाडीत तेवढ्यावर भागायचं. नव्या पिढ्यांत दिवे, काचा, वायपर, सगळ्यांची सूत्रं सांभाळणारे विजेचे डबे, मेकॅनिक ज्यांना 'सॅम' म्हणतात, बोनेटखाली आणि डिकीत असतात. त्यांच्यात ओल गेली की तऱ्हा सुरू होतात. मध्यरात्री काच आपोआप खाली येते, सकाळी बॅटरी उतरलेली असते. उंदरांचंही सांगायला हवं. भात घरात आलं की उंदीरही येतात आणि उभ्या गाडीच्या बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. पेण हे गणपतीचं गाव, तिथे मूषकाला बोलायचं कसं हा प्रश्न आहेच. पण त्यानं कुरतडलेल्या वायरिंगचं बिल बाप्पा भरत नाहीत.

२१० नंतरची २११ ही आज तीन-चार लाखांत मिळणारी गाडी. दिसायला देखणी, गंजाच्या बाबतीत आधीच्या गाडीपेक्षा कितीतरी सुधारलेली. तिचं दुखणं ब्रेकचं. २००६ च्या आधीच्या २११ मध्ये सेन्सोट्रॉनिक नावाची प्रणाली होती. पॅडलवर पाय ठेवला की संगणक ते ओळखतो आणि विजेच्या पंपानं साठवलेल्या दाबावर ब्रेक लावतो. कल्पना चांगली होती, पण तक्रारी इतक्या आल्या की २००४ मध्ये सुमारे ६ लाख ८० हजार आणि २००५ मध्ये सुमारे १३ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या वेळी ब्रेकसोबत विजेच्या इतर भागांचीही कारणं होती. २००६ मध्ये ई-क्लासमधून ही प्रणाली काढूनच टाकली. तिच्यात ब्रेक किती वेळा लागला याची मोजणी चालते, आणि ठरलेला आकडा गाठला की गाडी लाल दिवा लावून पंपाचं युनिट बदलायला सांगते. मुंबईच्या गर्दीत अर्धं आयुष्य गेलेल्या गाडीत हा आकडा कुठवर आलाय, ते स्कॅनर लावून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

इथे थांबून गॅरेजवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो. या गाडीत ब्रेक पॅड बदलण्याआधी ती प्रणाली स्कॅनरनं बंद करावी लागते. न करता कॅलिपरमध्ये बोटं घातली आणि तेवढ्यात कुणी दार उघडलं, तर गाडी स्वतःची तपासणी म्हणून ब्रेक दाबते. बोटं चिरडतील एवढा तो दाब असतो. वर्षानुवर्षं पॅड बदलणाऱ्या अनुभवी हातालाच हा धोका जास्त, कारण त्याला हे काम डोळे मिटून येतं.

त्या काळच्या पाच गियरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीही एक मासलेवाईक कथा आहे. आतलं तेल जन्मभर बदलायला नको, असं कंपनीनं आधी सांगितलं. पुढे स्वतःच तेल बदलायला सांगू लागली. त्या गिअरबॉक्समध्ये विजेच्या जोडणीचा एक प्लग असतो, त्याला रबरी रिंगा. रिंग कडक झाली की तेल तारांच्या आतून वर चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. किरकोळ रिंग वेळेवर न बदलल्यानं महागडा संगणक बाद होतो.

आता पैशांकडे येऊ. गाडीची किंमत वयानं उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. चाळीस लाखांची गाडी चार लाखांना मिळाली तरी तिचा शॉकअप चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या, त्यांचे बुश, पुढचे बॉल जॉइंट : खराब रस्त्यावर हे सगळं झिजतं आणि एकेक करून नाही, मागोमाग झिजतं. मुंबईच्या जुन्या बाजारात वापरलेले भाग मिळतात, पण रबर वापरलेलं घेण्यात अर्थ नसतो, ते तिथेही तेवढंच म्हातारं झालेलं असतं. आणि काम करणार कोण? वॅगन आर रोह्यातला कोणताही फिटर संध्याकाळपर्यंत उभी करून देईल. मर्सिडीजसाठी मुंबई-नवी मुंबईकडे तोंड करावं लागतं, आणि बंद पडली तर टो करून न्यावी लागते. गाडी विश्वासार्ह आहे की नाही, हे निम्मं तिच्यावर आणि निम्मं तुमच्या गावापासून जाणकार हात किती लांब आहे यावर ठरतं. कुर्ल्यात राहणाऱ्यासाठी जी गाडी भरवशाची, तीच धाटावला राहणाऱ्यासाठी नसू शकते.

कागदांचं थोडक्यात. एमएच ०६ ही पाटी पेणच्या आरटीओची. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आयात केलेल्या मोटारीला ४०,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी तेच १०,००० आणि ८०,००० झालं. शिवाय पर्यावरण कर वेगळा. म्हणून गाडी पुण्यात बनलेली की परदेशातून तयार आणलेली, हे आरसी बुकात आधी वाचा. दिल्लीकडून आलेल्या गाड्या विशेष स्वस्त दिसतील. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलवर निर्बंध आल्यापासून त्या बाहेरच्या राज्यांत उतरू लागल्या. त्यांत वाईट काही नाही, उलट कोरड्या हवेमुळे पत्रा बरा असतो. मुंबईच्या गाडीबाबत मात्र पुराची शंका धरावी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या असतील! सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा, गाळाची रेघ तिथे राहते. सीटखालच्या बोल्टवरचा गंजही बोलका असतो.

पेट्रोल गाडी घेणार असाल तर आणखी एक. आता पंपावर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. लग्नसराई आणि गणपतीपुरती बाहेर निघणारी गाडी पावसाळाभर टाकी अर्धी ठेवून उभी करू नये.

एवढं ऐकूनही हौस उरली असेल तर माझं मत असं. चांगल्या पत्र्याची डिझेल १२४ मिळाली, खालून लिफ्टवर चढवून पाहता आली, दारांच्या खालच्या कडांना चुंबक नीट चिकटला (पुट्टीला तो चिकटत नाही) आणि खरेदीच्या किमतीएवढेच पैसे पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला असतील, तर घ्या. २१० स्प्रिंगचे आधार पाहिल्याशिवाय नको. २००६ च्या आधीची २११ ब्रेकचा आकडा पाहिल्याशिवाय नको. आणि रोज रोहा-पेण करायचं असेल, घरात तीच एक गाडी असणार असेल, तर ह्या तिन्ही नकोत. जुनी कोरोला पाहा.

पुढच्या आठवड्यात : पेणच्या आरटीओत पासिंगला गाडी नेताना नेमकं काय तपासतात.